महिन्याला एक अंक, साऱ्या वर्गासाठी

सूरजागड पट्ट्यातल्या बचतगटांशी आज आम्ही लेकरांच्या वाचनाबद्दल बोलणार आहोत.

आपल्याकडे लेकरू घरी माडिया बोलतं आणि शाळेत पुस्तक मराठीत असतं. ते अक्षरं जोडून धडा वाचून दाखवतं, पण काय वाचलं असं विचारलं की गप्प बसतं. लेकरू मठ्ठ नसतं. शब्द वाचता येतो, पण त्याचा अर्थ मनात उतरत नाही. शिवाय वर्षभर पुस्तक तेच. दहादा ऐकलेला धडा पाठ होतो आणि आपल्याला वाटतं, पोर वाचायला शिकली.

इथे मुलांचं मासिक कामाला येतं. त्यातला मजकूर दर महिन्याला नवा असतो. पाठ नसल्यामुळे तो वाचावाच लागतो. शाळेची पुस्तकं काढणारी पुण्याची बालभारती ‘किशोर’ हे मासिक १९७१ पासून काढते. त्यात गोष्टी, विज्ञान, देशोदेशीची माहिती असते. जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. ताज्या बातमीसाठी गुरुजी किंवा बाई वर्तमानपत्रातली एक बातमी सोप्या चार ओळींत फळ्यावर लिहू शकतात.

वाचायचं कसं? आधी चित्र दाखवून विचारायचं, हे काय असेल? लेकरांनी माडियात बोलावं. मग मराठी मजकूर वाचावा. कोण, कुठे, केव्हा, काय झालं, का झालं, हे पाच प्रश्न विचारावेत. उत्तर आधी माडियात सांगू द्यावं, मग मराठीत दोन-तीन वाक्यं लिहून घ्यावीत. शेवटी ते गाव, तो देश नकाशावर शोधावा. शक्य तिथे मातृभाषेतून शिकवावं, असं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच लिहिलं आहे. तेव्हा वर्गात माडिया बोलणं चुकीचं नाही.

एक उदाहरण घ्या. २३ ऑगस्ट २०२३ ला आपलं चंद्रयान-३ चंद्रावर उतरलं. ही बातमी वाचून झाली की लेकरांना घरी पाठवा, आजीला आकाशाबद्दल विचारायला. शहरातले लोक ज्यांना सप्तर्षी म्हणतात, त्यातल्या चार ताऱ्यांना गोंड म्हातारी माणसं खाट म्हणतात आणि मागच्या तिघांना खाट चोरायला आलेले चोर. दुसऱ्या दिवशी लेकरू हे वर्गात सांगेल. जगाची बातमी गावात आली, तसं गावचं ज्ञानही शाळेत गेलं.

पुढे लेकरांनी स्वतःच्या बातम्या लिहाव्यात. जानेवारीतली ठाकूरदेवाची यात्रा, तेंदूपत्त्याचा भाव, मोहफुलाचा हंगाम, बंद पडलेला हातपंप. मोठ्या कागदावर लिहून शाळेच्या भिंतीला लावलं की झालं गावचं भित्तिपत्रक. ऐकीव गोष्ट लिहिण्याआधी दोघांना विचारून खात्री करायची, ही सवयही लागते.

हे सगळं कशासाठी? आपल्या डोंगरातलं लोखंड ट्रकांतून बाहेर जातं. अशा खाणीची जनसुनावणी व्हायची असेल, तर २००६ च्या नियमाप्रमाणे किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात नोटीस छापावी लागते. त्यातलं एक वर्तमानपत्र इथल्या भाषेतलं असावं लागतं. पण नोटीस छापून आली आणि गावात ती वाचून समजावणारं कोणी नसेल, तर ती आपल्यापर्यंत पोचलीच नाही. आज पाच प्रश्न विचारायला शिकलेली पोर उद्या ग्रामसभेत तोच कागद हातात घेऊन विचारेल: कोण, कुठे, केव्हा, का?

बायांनो, शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायांच्या असतात. पुढच्या बैठकीत दोन गोष्टी मांडा. गटाने वर्षाची एक वर्गणी भरावी आणि आठवड्यातून एक तास शाळेने या वाचनासाठी ठेवावा. अंक कपाटात बंद राहू देऊ नका. फाटला तर डिंकाने चिकटवा, दुसऱ्या पाड्यावर पाठवा. ज्या बायांना वाचता येत नाही, त्यांनी संध्याकाळी लेकराला जवळ बसवून म्हणावं, आज काय वाचलंस ते मला माडियात सांग. लेकराला ते सांगता आलं, तर त्याला समजलं असं धरा. नाही आलं, तर दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन गुरुजींना तसं सांगा.