सीडी-डीव्हीडीवर नाव छापायचंय? प्रिंटर घेण्याआधी हे ऐका

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, "डिस्क? आता कोण वापरतं?" पण आठवून बघा. एमआरआय केल्यावर अनेक सेंटरवाले अजूनही हातात सीडी ठेवतात. कपाटात आई-बाबांच्या लग्नाची डीव्हीडी असते. आणि ज्यांच्याकडे फक्त टीव्ही आणि जुना प्लेअर आहे, त्यांना लिंक पाठवून काही उपयोग नसतो.

एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. त्याची आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायची. त्या कॅसेटवर होत्या, आता त्यानं सीडीवर घेतल्यात. काका, आत्या, मावशी, सगळ्यांना एकेक द्यायची आहे. पंधरा-वीस कॉपी होतील. त्यावर आजीचा फोटो आणि नाव छापायचंय. तो विचारतो, "दादा, घरी कुठला प्रिंटर घेऊ?"

आधी थेट उत्तर देतो, मग कारणं सांगतो. पंधरा-वीसच डिस्क असतील तर प्रिंटर घेऊच नको. दर महिन्याला काम असेल, तर डिस्क ट्रे असलेला इंकजेट घे. आणि कागदी स्टिकर? ते दोन्ही वेळा नको.

स्टिकर का नको? आपल्याला वाटतं की सीडीचा नाजूक भाग म्हणजे खालची चकचकीत बाजू. उलट आहे. सीडी साधारण १.२ मिलिमीटर जाड असते, आणि रेकॉर्डिंगचा थर असतो अगदी वर, लेबलच्या बाजूला, लॅकरच्या पातळ थराखाली. म्हणून वरून बॉलपेननं दाबून लिहिलं, किंवा चिकटलेला स्टिकर ओढून काढला, तर थेट रेकॉर्डिंगच खरवडलं जातं. डीव्हीडीत हा थर दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असतो, तिथे ही भीती कमी. पण स्टिकर जरा तिरका बसला की तोल जातो. डिस्क मिनिटाला हजारो फेरे घेऊ शकते. मग प्लेअर घरघरतो, अडकतो. शिवाय आपल्याकडचा उन्हाळा आणि पावसाळा! गोंद सुटतो, कडा उचलल्या जातात. अमेरिकेतल्या एनआयएसटी या संस्थेनं २००३ मध्ये डिस्क जपण्याची मार्गदर्शिका काढली होती. त्यातही हेच आहे, की जास्त वर्षं ठेवायच्या डिस्कवर चिकट लेबल लावू नका.

आता छपाई. साधा प्रिंटर कागद वाकवून रोलरमधून ओढतो. डिस्क वाकत नाही, त्यामुळे तिला सरळ आत जाणारी वेगळी वाट लागते. त्यासाठी प्लास्टिकचा ट्रे असतो, त्यात डिस्क ठेवायची आणि ट्रे आत सरकवायचा. ही सोय मोजक्याच मॉडेलमध्ये मिळते. आपल्याकडे ओळखीचं नाव म्हणजे एप्सनचा एल८०५ आणि त्यानंतर आलेला एल८०५०. दोन्ही सहा रंगांचे, शाईच्या टाकीचे. कॅननच्याही काही मॉडेलमध्ये ही सोय असते, पण सगळ्यांत नाही. म्हणून बॉक्सवर किंवा माहितीच्या पानावर "सीडी/डीव्हीडी प्रिंटिंग" असं स्पष्ट लिहिलंय का, ते बघा. सेकंडहँड घेताय? मग आधी विचारा, "ट्रे आहे का?" ट्रे हरवलेला असेल तर आपल्या कामाला तो साधा फोटो प्रिंटरच. आणि लेझर प्रिंटरमध्ये डिस्क घालायचा विचारही करू नका. तिथे कागद तापलेल्या रोलरमधून जातो.

मग घ्यायचा की नाही? इथे खरा हिशेब आहे. इंकजेटला अधूनमधून थोडं काम लागतं. महिनोन्‌महिने बंद ठेवला की हेडमध्ये शाई सुकते, रेषा येतात. मग हेड क्लीनिंग करा, त्यात पुन्हा शाई जाते. घरात फोटो, प्रोजेक्ट, असं काहीतरी नेहमी छापलं जात असेल तर ठीक. वीस डिस्कसाठी घेतलात, तर एकविसाव्या डिस्कच्या वेळी तो रुसलेला असेल.

त्यापेक्षा एक काम करा. तुमच्या भागातल्या फोटो स्टुडिओत किंवा आयडी कार्ड बनवणाऱ्याकडे जा. प्लास्टिकची कार्डं छापायला खूप जण हेच प्रिंटर वापरतात. कार्डाचा ट्रे जातो त्याच वाटेनं डिस्कचा ट्रे जातो. त्याला विचारा, "डिस्कचा ट्रे ठेवलाय का? आमच्या डिस्क छापून द्याल का?" आधी एकच छापून बघा, मग बाकीच्या द्या.

पण कुणाकडेही छापा, डिस्क योग्य हवी. पाकिटावर "इंकजेट प्रिंटेबल" लिहिलेली, वरून पांढरी. साध्या चंदेरी डिस्कवर शाई शोषली जात नाही, बोट लावलं की पुसते. काही डिस्कवर छपाईची जागा मधल्या भोकाच्या जवळून सुरू होते, काहींवर बरीच बाहेरून. पट्टीनं मोजा आणि प्रिंटरमध्ये तेच माप भरा. नाहीतर आजीच्या फोटोची शाई ट्रेवर जाईल.

मराठी अक्षरांसाठी एक टिप. जुन्या लेबल सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटू शकतात. म्हणून डिझाइन फोनवरच करा आणि चित्र म्हणून सेव्ह करा. चौकोनी, १४०० बाय १४०० पिक्सेलच्या आसपास. डिस्क १२० मिलिमीटरची असते, तेवढ्याला हे पुरतं. मधोमध भोक येणार हे लक्षात ठेवा, चेहरा बाजूला घ्या. प्रिंटर घेणार असाल तर फोनवरून डिस्क छापता येते की त्यासाठी कॉम्प्युटर लागतो, हेही विचारून घ्या.

क्रम असा ठेवा. आधी रेकॉर्डिंग बर्न करा, पूर्ण ऐकून बघा, मग छापा. छापल्यावर एक दिवस वाळू द्या, उन्हात नाही, सावलीत. ओली डिस्क प्लेअरमध्ये घालायची नाही. वाळल्यावरसुद्धा साध्या मॅट डिस्कला ओला हात लागला की रंग पसरू शकतो.

आणि यातलं काहीच जमलं नाही तर? डिस्कसाठी मिळणारा पाण्याच्या शाईचा, मऊ टोकाचा मार्कर घ्या आणि स्वच्छ अक्षरात लिहा. फोटो पाकिटावर लावा. रेकॉर्डिंगला त्यानं काहीही बाधा येत नाही.

मित्रा, तुला शेवटचं सांगतो. लेबलवर नुसतं "आजीच्या ओव्या" लिहू नकोस. आजीचं पूर्ण नाव, गाव, रेकॉर्डिंगचं साल आणि कॅसेट कुणी भरली तेही लिही. वीस वर्षांनी ती डिस्क ज्याच्या हातात पडेल, त्यानं कदाचित आजीला पाहिलेलंही नसेल. त्याला फोटोतली बाई कोण, हे त्या चार ओळींवरूनच कळणार आहे. आणि मूळ फाइल फक्त डिस्कवर ठेवू नकोस. एक कॉपी हार्ड डिस्कवर, एक ऑनलाइन, आणि ती जुनी कॅसेटही टाकून देऊ नकोस.

तुमच्या घरी असं काही पडून असेल तर नक्की कळवा.