‘क्षुल्लक’ हा शब्द वाक्यात वापरताना

शाळेच्या प्रश्नपत्रिकेत ‘पुढील शब्दांचा वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न तुम्हां-आम्हां सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यात ‘क्षुल्लक’ हा शब्द आला, की दहांतली आठ मुले लिहितात, ‘ही गोष्ट फार क्षुल्लक आहे.’ गुरुजी मार्क देऊन मोकळे होतात. पण या वाक्यात ‘क्षुल्लक’च्या जागी ‘सुंदर’ घाला, ‘कठीण’ घाला, वाक्य उभेच राहते. मग मुलाला शब्द कळला, हे कशावरून मानायचे?

कळला किंवा नाही, हे शब्दाच्या सोबत्यांवरून ओळखावे. आपण खर्च किरकोळ म्हणतो, दुखापत किरकोळ म्हणतो, विक्रीसुद्धा घाऊक आणि किरकोळ असते. कारण मात्र क्षुल्लक असते. विनोद थिल्लर असतो, वागणे पोरकट असते, वाचन उथळ असते, आणि ‘फालतू’ तर कोठेही चालते. म्हणूनच त्याची किंमत उतरली आहे. ‘थिल्लर दुखापत’ कोणी म्हणणार नाही. हलकेपणा एकच, पण दुखापतीचा हलकेपणा आकाराचा आहे आणि विनोदाचा स्वभावाचा. हा भेद न शिकलेली आजीसुद्धा बोलताना बरोबर पाळते. पुस्तकातल्या समानार्थी शब्दांच्या यादीत तो पुसला जातो, ही माझी तक्रार आहे.

या शब्दांची कुळे पाहिली तर गंमत वाटेल. ‘थिल्लर’ म्हणजे जुन्या मराठीत उथळ पाण्याचे डबके. ‘चिल्लर’ आपल्या दक्षिणेकडच्या भाषांतही आहे. पांढरकवडा, झरीकडे ज्यांच्या घरी तेलुगू बोलतात, त्यांना तो शिकवावा लागत नाही. मोडीच्या पैशांना तेही चिल्लरच म्हणतात. ‘सवंग’ म्हणजे मुळात फक्त स्वस्त, महागाच्या उलट. धान्य सवंग झाले तर लोक आनंदत. आज लोकप्रियता सवंग म्हटली की ती शिवी होते. ‘किरकोळ’ हा कानडी घराण्यातला शब्द मानतात. तिकडे ‘किरु’ म्हणजे लहान, पण ‘किरुकुळ’ म्हणजे आज छळ, जाच! एकाच शब्दाचा सीमेच्या अलीकडे अर्थ ‘मनावर घेऊ नका’ आणि पलीकडे ‘सहन होत नाही’.

आणि स्वतः ‘क्षुल्लक’? तो संस्कृत ‘क्षुद्र’चा भाऊबंद, म्हणजे लहान. पण दिगंबर जैन परंपरेत क्षुल्लक ही आदराची पदवी आहे. दोन वस्त्रे ठेवणारा, मुनिपदाच्या वाटेवरचा साधक तो क्षुल्लक. एकच वस्त्र ठेवणारा ऐलक. शेजारच्या कारंजाच्या जैन मंडळींपुढे ‘क्षुल्लक आले’ म्हणाल, तर ते हात जोडून उठतील.

आता जरा जड गोष्टीकडे वळू. वर्तमानपत्रात आपण वाचतो, ‘क्षुल्लक कारणावरून हाणामारी’. कारण धुऱ्याचे असते, पाण्याच्या पाळीचे असते. ज्याची पाळी गेली त्याला ते क्षुल्लक असते काय? हे विशेषण बातमी लिहिणाऱ्याचे आहे, भांडणाऱ्याचे नव्हे. कायद्याने येथे अधिक विचार केला आहे. 1860 च्या भारतीय दंडसंहितेच्या 95 व्या कलमात, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या 33 व्या कलमात असे तत्त्व आहे, की साधारण समजुतीचा आणि साधारण स्वभावाचा माणूस ज्याबद्दल तक्रार करणार नाही इतका हलका अपाय हा गुन्हा नव्हे. म्हणजे माप मारणाऱ्याच्या हाती दिलेले नाही, अतिसंतापी माणसाच्याही हाती दिलेले नाही.

आपल्या बोलण्यात मात्र असे माप नसते. 2017 चा पावसाळा आठवा. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकऱ्यांना व शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसच्या आसपास माणसे दगावली. अशा विषाची सुरुवात कशी होते? डोके दुखते, मळमळते, घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधुक दिसते. आणि आपल्या घरात अशा वेळी ठरलेले वाक्य कोणते? ‘काही नाही, किरकोळ आहे, जरा पडतो म्हणजे बरे वाटेल.’ मजूर स्वतःच असे म्हणतो, कारण दवाखान्यात गेले की दिवसाची मजुरी बुडते. मालकही तसेच म्हणतो, त्याचे कारण निराळे. फवारणीनंतर यांतले काहीही जाणवले तर हा शब्द तोंडातून काढू नका. अंगावरचे कपडे उतरवा, साबणाने अंग धुवा, औषधाचा डबा किंवा त्याचे लेबल बरोबर घ्या आणि तडक दवाखाना गाठा. लेबलावरून डॉक्टरांना विष ओळखता येते.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, तो जुना प्रश्न जरा बदलून पाहा. मुलांना सांगा, की आठवडाभर कान उघडे ठेवा. घरी, बाजारात, एस.टी.त कोणी ‘किरकोळ’, ‘क्षुल्लक’, ‘फालतू’ म्हणाले तर ते वाक्य जसेच्या तसे वहीत उतरा. वऱ्हाडीत असेल तर वऱ्हाडीतच. शुद्ध करायला जाऊ नका. शेजारी दोन रकाने आखा: हे कोण म्हणाले, आणि कोणाच्या गोष्टीला म्हणाले. चौथी-पाचवीच्या मुलालाही हे जमते. दुसरा रकाना भरताना मुले थोडी थांबतील. त्यांना थांबू द्या. घाईने उत्तर सांगू नका.