नॉन, बिगर आणि इतर

पारगावात ‘नॉन’ या इंग्रजी उपसर्गावर बोलायचं, तर आधी भीमाशंकर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर जायला हवं. तिथे ऊस दोन प्रकारचा येतो, सभासदाचा आणि बिगर सभासदाचा. बिगर सभासद म्हटलं म्हणून कुणाला राग येत नाही. त्याने शेअर घेतलेला नाही, एवढीच ती नोंद. उसाची गोडी त्यावरून ठरत नाही. इंग्रजीतला ‘नॉन’ अगदी याच वळणाचा आहे.

मूळ लॅटिन शब्द, अर्थ साधा ‘नाही’. फ्रेंचच्या वाटेने तो इंग्लंडच्या कोर्टकचेऱ्यांत शिरला आणि कारकुनी स्वभाव घेऊन बसला. तो बरंवाईट बोलत नाही, यादीतून नाव वगळतो. इंग्रजीतले ‘अन’ आणि ‘इन’ मात्र अनेकदा मत देऊन मोकळे होतात. ‘नॉन-प्रोफेशनल’ म्हणजे ते काम पोटासाठी न करणारा. ‘अनप्रोफेशनल’ म्हणजे कामाची रीत न पाळणारा. ‘नॉन-ह्यूमन’ म्हणजे आपल्या उसातला बिबट्या. ‘इनह्यूमन’ व्हायला मात्र माणूसच लागतो. मराठीतही बिबट्या मानवेतर आणि अमानुष आपण.

आता आपल्याकडचे नकार बघा. अरबी ‘गैर’चा मूळ अर्थ ‘दुसरा, वेगळा’. मराठीत आल्यावर तो बिघडला. गैरवर्तन, गैरव्यवहार, गैरसमज. ‘त्यात गैर काय?’ असं विचारतो तेव्हा गैर म्हणजे सरळ ‘वाईट’. गैरहजर तेवढा साधा राहिला, तोही मास्तरांच्या तोंडी असेल तर नाही. याच ‘गैर’ला फारसी ‘ब’ लागून ‘बगैर’ झालं आणि आपल्या जिभेवर ‘बिगर’. घराणं एकच, एकजण फैसले करत सुटला, दुसरा काट्यावर पावत्या फाडत राहिला. ‘बे’चा कलही बहुधा उणिवेकडे, बेजबाबदार, बेताल. ‘बिन’ त्या मानाने भला, बिनव्याजी, बिनविरोध.

खरा घोटाळा संस्कृत ‘अ’ने केला. कायद्याची भाषांतरं करणाऱ्यांनी ‘नॉन’साठी तो सरसकट वापरला. ‘नॉन-बेलेबल’चं झालं अजामीनपात्र. हा शब्द पेपरात वाचला की घरचे हातपाय गाळतात, आता जामीन नाहीच. तसं नाही. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो. अजामीनपात्र गुन्ह्यात तो द्यायचा की नाही, हे न्यायालय ठरवतं, आणि देतंही. तीच गत ‘नॉन-कॉग्निझेबल’च्या अदखलपात्रची. बांधावरून बाचाबाची होते, माणूस पोलीस ठाण्यात जातो, तिथे ‘एनसी’ नोंदवतात आणि तो घरी येऊन सांगतो, ‘साहेबांनी दखलच घेतली नाही.’ अहो, नोंद झाली हीच दखल. फक्त दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून पोलिसांना तपास करता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ मध्येही हा नियम कायम आहे. ‘नॉन’ने गुन्ह्याचा कप्पा सांगितला होता, ‘अ’ ऐकून माणसाला वाटलं, आपल्याला मोजलंच नाही.

मराठीने यावर एक झकास तोड काढलेली आहे: उपसर्ग सोडून द्यायचा आणि शब्दामागे ‘इतर’ लावायचा. शाळेतले शिक्षकेतर कर्मचारी घ्या. ‘अशिक्षक’ म्हणून बघा, शिपाईमामासुद्धा चिडतील. इतिहासातलं मोठं उदाहरण ब्राह्मणेतर चळवळीचं. तिच्या मागे महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये स्थापलेला सत्यशोधक समाज होता आणि त्याची मुळं आपल्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोल गेली होती. ओतूरला भटजीविना लग्नं लागली, जोशीपणाच्या हक्कावरून वाद कोर्टापर्यंत गेला. ‘ब्राह्मणेतर’ या नावात कुणी कमी असल्याचा सूर नाही. तरी एक खोच राहतेच. स्वतःची ओळख सांगायला दुसऱ्याचं नाव आधी घ्यावं लागतं. ‘नॉन’चाही दोष हाच. तो शिवी देत नाही, पण मधोमध कुणाला बसवायचं ते गुपचूप ठरवून टाकतो.

हॉटेलच्या पाटीवरचं ‘नॉनव्हेज’ बघा. मटण खाणाऱ्याची ओळख भाजीवरून! संस्कृतात उलटी तऱ्हा. आमिष म्हणजे मांस. ते असेल तर सामिष, नसेल तर निरामिष. तिथे नकाराचा उपसर्ग शाकाहाऱ्याच्या ताटात.

आणि लोक तर ‘नॉन’ची पत्रासही ठेवत नाहीत. बिनशेती जमिनीला सरकार अकृषिक म्हणतं, आपण ‘एनए’ म्हणतो. अख्ख्या ‘नॉन’चा एक ‘एन’ उरला. क्रीमीलेयरची भानगड १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातून आली: मागासवर्गातल्या पुढारलेल्या थराला आरक्षणातून वगळायचं. तेव्हा आपण त्या थरात मोडत नाही, असा दाखला हवा; म्हणून ‘नॉन-क्रीमीलेयर’. पण जूनमध्ये सेतू केंद्राच्या रांगेत उभे राहा. पोराला ॲडमिशन घ्यायची असते आणि बाप खिडकीत वाकून सांगत असतो, ‘क्रीमीलेयर काढायचंय.’ म्हणजे नेमकं उलटं मागतो. खिडकीतली मुलगी काही बोलत नाही, बरोबर तोच अर्ज पुढे करते.