टिळकांनी मिशन सोडलं तेव्हा

टिळक म्हटलं की लोकमान्य आठवतात ना? आज दुसरे टिळक. रेव्हरंड नारायण वामन टिळक, कवी आणि पाळक. 1895 साली बाप्तिस्मा घेतला, मग अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये बरीच वर्षं काम केलं.

आणि 1917 साली, पंचावन्नच्या घरात असताना, मिशन सोडलं! श्रद्धा उडाली म्हणून? उलट. ख्रिस्त आपला, मग त्याच्या भक्तीचा थाट परका का, हा त्यांचा सवाल होता. साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा.

इथेच खरी अडचण आहे. मत्तयच्या शेवटी येशू स्पष्ट सांगतो, शिष्य करा, बाप्तिस्मा द्या. पण लूकमध्ये वधस्तंभावरच्या गुन्हेगाराला तो बाप्तिस्म्याशिवायच सुखलोकाचं वचन देतो. पुस्तक एकच, बोट कुठे ठेवायचं?

1919 मध्ये टिळक गेले, प्रयोग अर्धाच राहिला. मी 1 तारखेला पगाराचा मेसेज बघणारा माणूस. पटलेल्या गोष्टीसाठी तो मेसेज मी सोडेन? खरं सांगू, माहीत नाही. तुम्ही सोडाल?

लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ नक्की वाचा. भेटू पुढच्या भागात!