मनातला ‘च’


जबलपूरच्या मराठी घरातली एखादी आई म्हणते,
“पोराचा पहिला नंबर आलाच पाहिजे.”

त्यातला ‘च’ ऐकलात?

ठाण्याचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी
असा हट्ट नेमका पकडतात.
१९९० साली त्यांनी ठाण्यात
‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्याची संस्था काढली.
त्यांच्या कामाची बैठक
मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची.

घटना त्रास देते, हे खरं.
पण जास्त छळतो तो आपला हट्ट.

म्हणून ‘आलाच पाहिजे’ नको.
‘आला तर बरं’ म्हणून बघा.
काळजी राहील,
पण झोप लागेल.
‘च’ तेवढा सोडायचा.
सोपं नाही हं ते!

जवळ बोलायला कुणी नसेल,
तर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा.
चोवीस तास, मोफत.
नंबर १४४१६.
पुन्हा सांगते, १४४१६.