काजूची कलमे आणि आपले हंडे



काजू लावावा आणि विसरून जावे, त्याला पाणी लागत नाही, असे आपल्या कोकणात नेहमी म्हणतात. मोठ्या झाडाच्या बाबतीत ते खरे आहे. त्याची मुळे कातळाच्या फटीतूनही ओल शोधतात. नव्या कलमाचे तसे नसते. पहिली दोन-तीन वर्षे, पौषापासून ज्येष्ठाचा पाऊस पडेपर्यंत, दर आठवड्यास त्याला सुमारे १५ लिटर पाणी द्यावे लागते, म्हणजे एक मोठा हंडा. ८ मीटर अंतर धरले तर एकरात साठ कलमे बसतात. आठवड्याला साठ हंडे! कलमे किती आणायची हे ओटीवर बसून पुरुषमंडळी ठरवतात, हंडा मात्र आपल्या डोक्यावर येतो. म्हणून माझे म्हणणे आहे की, हा आकडा आपल्याला विचारून ठरावा. वीसच लावावीत पण जगवावीत. बुंध्याभोवती गवत-पातेरा पसरला की ओल टिकते. तो खोडाला चिकटू देऊ नये, वाळवी लागते.

कलम बांधलेल्या जोडाखालून फूट आली तर ती खुडत जावी. नाहीतर वेंगुर्ला ४ किंवा वेंगुर्ला ७ म्हणून पैसे मोजायचे आणि वाढवायचे रायवळ!

आता कीड. ढेकण्या पालवी व मोहराचा रस शोषतो, मोहर करपतो. ते सर्वांना दिसते, म्हणून सगळे औषधाच्या मागे धावतात. झाडावरचे हुमले चावतात खरे, पण ते ढेकण्याही खातात; त्यांची घरटी उगाच जाळू नयेत. मोहर फुललेला असताना मधमाश्यांच्या वेळी फवारा मारू नये.

याहून वाईट तो रोठा. त्याची अळी बुंध्यात शिरून आतून साल खाते. पाने पिवळी पडतात तेव्हा बहुतेक सारे संपलेले असते. बी वेचायला आपण वाकतोच, तेव्हाच बुंध्याशी नजर टाकावी. बारीक भोके, लाकडाचा भुसा, डिंक दिसला की साल तेवढीच तासून आकड्याच्या तारेने अळी ओढून काढावी. नंतर एक भाग डांबर व दोन भाग रॉकेल कालवून खोडाला कमरेइतके लावावे.

तार कशी वाकवायची ते सभा संपल्यावर दाखवते. छत्रीची मोडकी काडीही चालते, ती घरोघर असतेच.