पोरीचा नाच आणि गावची वर्गणी

गुरुजींनी शाळेत लेझीम शिकवली, पोरीचे पाय तालात पडू लागले, आणि एके दिवशी परदेशातल्या नृत्यस्पर्धेचे बोलावणे आले. घरात आनंद, पण बापाच्या छातीत धडधड. विमानाचे भाडे आणायचे कोठून?

होत नाही असे मात्र नाही. वसई-नालासोपारा भागातल्या साध्या घरांतली पोरे 'किंग्ज युनायटेड' संघातून २०१९ साली अमेरिकेतल्या 'वर्ल्ड ऑफ डान्स' स्पर्धेत पहिली आली.

तेव्हा गावापुढे हात पसरण्यात लाज कसली? कर्मवीर भाऊराव पाटलांनी मूठमूठ धान्य जमवून पोरे शिकवली. पण वर्गणी म्हणजे दुसऱ्याच्या घामाचा पैसा. म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, बोलावणे तपासा. फी भरील त्याला बोलावणाऱ्या स्पर्धाही असतात. निवडचाचणी झाली का, हे गुरुजींनी विचारावे. दुसरी, व्हिसा हाती पडल्याशिवाय तिकीट काढू नका. व्हिसा नाकारला तरी त्याची फी सहसा परत मिळत नाही. तिसरी, देणाऱ्याला पावती द्या, हिशेब शाळेच्या फळ्यावर लावा. जाणे रद्द झाले तर उरलेल्या पैशाचे काय करणार, तेही आधीच सांगा. चौथी, जमीन गहाण टाकू नका. कर्जाचे ओझे पायांत बांधले, तर पोर नाचेल कशी?

आणि हरून आली तरी ती गावचीच लेक. धाकट्यांना चार पावले शिकवील. वर्गणी फिटली म्हणा!